बोलतो का ते नंतर, बोट दाखवतो का ते आधी बघा

गेल्या आठवड्यात डिचोलीहून माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचा फोन आला. तिच्या नणंदेचा मुलगा पावणेदोन वर्षांचा आहे, हाक मारली तर बघत नाही पण मोबाईलवर त्याचं गाणं लागलं की पलीकडच्या खोलीतून धावत येतो. घरात सगळे म्हणतायत मुलगे उशिरा बोलतात, पण तिच्या मनात काहीतरी खुपतंय. मी तिला विचारलं, तो बोट दाखवतो का? ती म्हणाली अगं तो बोलतच नाही अजून. मी म्हटलं बोलायचं राहू दे, अंगणात मांजर आलं, वरून विमान गेलं तर तिकडे बोट करून मग तुमच्या तोंडाकडे बघतो का, की तुम्ही पण बघितलंत ना? ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, नाही.

हा प्रश्न मला कोणीतरी माझा मुलगा दीड वर्षाचा असताना विचारला असता तर किती बरं झालं असतं, म्हणून हे लिहितेय.

मुलाचं खरं नाव इथे लिहीत नाही, घरी त्याला आम्ही बाबू म्हणतो, आता तो सात वर्षांचा आहे आणि त्याला ऑटिझम आहे, म्हणजे माणसांशी संवाद साधण्याची त्याच्या मेंदूची पद्धतच वेगळी आहे. आम्ही फोंड्याजवळ राहतो, नवरा वेर्ण्याला फॅक्टरीत शिफ्टला जातो, घरात सासू-सासरे, मोठे दीर-जाऊबाई आणि त्यांची मुलगी, म्हणजे माणसांनी भरलेलं घर. आणि तरी इतक्या माणसांत कुणाच्या लक्षात आलं नाही. कारण आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत बसलो होतो, कधी शब्द येतो, कधी आई म्हणतो. बरं शब्द नव्हते असंही नाही! दोन वर्षांचा असताना तो एबीसीडी पूर्ण म्हणायचा, आकडे म्हणायचा, रस्त्यावरच्या गाड्यांच्या कंपन्या ओळखायचा. पाहुणे आले की आम्ही त्याला म्हणायला लावायचो आणि सगळे म्हणायचे केवढा हुशार. पण तहान लागली तर तो पाणी म्हणायचा नाही, माझं मनगट धरून मला फ्रिजपर्यंत न्यायचा आणि माझा हात फ्रिजच्या दारावर ठेवायचा. तोंडाकडे बघायचा नाही, फक्त हात वापरायचा. तेव्हा मला वाटायचं किती समजूतदार आहे, रडत नाही, हट्ट करत नाही.

पुढे कळलं की बोट दाखवण्याचे पण दोन प्रकार असतात. एक, मला ते हवंय म्हणून. दुसरा, ते बघ किती मस्त आहे म्हणून, म्हणजे त्यात मागायचं काहीच नसतं, फक्त आपल्याला दिसलेलं दुसऱ्याला दाखवायचं असतं. साधारण वर्ष-सव्वा वर्षाच्या आसपास बहुतेक मुलं हे करायला लागतात, आणि ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांत हा दुसरा प्रकार उशिरा येतो किंवा येतच नाही. वर्षाचं झाल्यावरही नावाने हाक मारल्यावर न वळणं, टाटा न करणं, दीड वर्षाच्या पुढेही खोटं खोटं जेवण, बाहुलीला झोपवणं असला खेळ नसणं, दोन वर्षांपर्यंत स्वतःचे दोन शब्द जोडून न बोलणं, हे सगळं त्याच्या बरोबरीचं. आणि जे मूल आधी बोलत होतं, हसत होतं आणि मग ते बंद झालं, त्याच्या बाबतीत कुठल्याच वयात थांबायचं नाही, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा. यातली एखादी गोष्ट दिसली म्हणजे ऑटिझमच असं मुळीच नाही, पण तपासून घ्यायला तेवढं पुरेसं आहे.

तपासणी म्हणजे लगेच मोठं काही नसतं हो. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची यादी असते, हो किंवा नाही अशी उत्तरं द्यायची, दहा मिनिटांचं काम. त्यातला पहिलाच प्रश्न बोटाचा आहे, तुम्ही खोलीत पलीकडच्या वस्तूकडे बोट केलं तर मूल तिकडे बघतं का. त्याच्यावरून निदान होत नाही, पुढे जायचं की नाही एवढंच कळतं. आम्हाला हे कुणी भरायला दिलं नाही. लसीसाठी आम्ही नियमित जात होतो, वजन-उंची लिहून घ्यायचे, मी एकदा धीर करून विचारलं की हाकेला बघत नाही, तर उत्तर आलं की मुलगा आहे, बोलेल. सासरे म्हणाले ह्याचा बापूस पण चार वर्षांपर्यंत बोलला नव्हता. शेजारची मावशी म्हणाली, मागीर उलयतलो गो, कित्याक भियेता, म्हणजे नंतर बोलेल गं, कशाला घाबरतेस. सासूबाईंनी देवळात जाऊन प्रसाद लावला, म्हणजे देवाचा कौल घेतला, तो उजवा आला म्हणून त्यांना धीर आला. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं. पण त्या सगळ्या धीर देण्यात आमचं सव्वा वर्ष गेलं, आणि दोन ते तीन हे वय मेंदू झपाट्याने शिकण्याचं असतं हे मला नंतर कळलं तेव्हा मी रात्र रात्र झोपले नाही.

तो सव्वातीन वर्षांचा असताना शेवटी आधी कान तपासले. हे पहिलं करायचं, कारण ऐकूच येत नसेल तर बाकी सगळं चुकतं. बेरा टेस्ट म्हणतात, मुलाला झोपवून डोक्याला वायरी लावतात. कान एकदम चांगले निघाले आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी पोटात गोळा आला, कारण मग हाकेला का बघत नाही याला दुसरं काहीच कारण उरलं नाही. मग डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन म्हणजे मुलांच्या विकासाचे डॉक्टर, सायकॉलॉजिस्ट, तीन-चार सिटिंग, आणि निदान, ऑटिझम.

त्या दिवशी गाडीत मी नवऱ्याला म्हटलं मोबाईल दिला मी त्याला, स्वयंपाक करताना द्यायचे, माझ्यामुळे झालं. जवळजवळ प्रत्येक आई हे म्हणते म्हणून स्पष्ट लिहिते. मोबाईलने ऑटिझम होत नाही. जास्त स्क्रीनमुळे बोलणं मागे पडू शकतं आणि ते कमी करायलाच हवं, पण ऑटिझम हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे आणि त्यात अनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे. लसीने पण होत नाही, १९९८ साली ज्या पेपरमुळे ती भीती पसरली तो २०१० मध्ये मासिकाने मागे घेतला. १९४३ साली लिओ कॅनर नावाच्या मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाने ११ मुलांचं वर्णन करून हे पहिल्यांदा नीट मांडलं आणि त्यानंतर कित्येक वर्षं आई थंड असते म्हणून मूल असं होतं असं मोठमोठे डॉक्टर सांगत होते, ते सगळं खोटं ठरलं. त्या काळातल्या आयांचं मला फार वाईट वाटतं, मुलाची काळजी आणि वर हा आरोप.

आता भाषेचं, कारण हे खास आपल्याकडचं आहे. आमच्या घरात मी बाबूशी मराठीत बोलायचे, सासूबाई कोंकणीत, टीव्ही हिंदी, नर्सरी इंग्लिश. गोव्यात हे घरोघरी आहे. निदानानंतर एका ठिकाणी आम्हाला सांगितलं की इतक्या भाषांनी तो गोंधळतोय, आजपासून फक्त इंग्लिश. आम्ही ते शब्दशः पाळलं. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये बोलायचे, कम, सिट, ईट, एवढंच, कारण त्याच्या पलीकडे मला पटकन सुचायचंच नाही. आणि सासूबाईंना इंग्लिश येत नाही म्हणून त्या त्याच्याशी बोलायच्याच बंद झाल्या. रोज रात्री त्याला मांडीवर घेऊन पाठ थोपटत गुणगुणायच्या, ते पण बंद, नातवाचं आपल्यामुळे नुकसान नको म्हणून. चार महिने आमचं घर मुकं होतं. तो बोलायला लागला नाहीच, उलट घरातलं सगळ्यात जास्त बोलणारं माणूस त्याच्यापुरतं गप्प झालं.

दुसऱ्या स्पीच थेरपिस्टने हे ऐकलं आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, आजीला बोलू द्या. दोन भाषा ऐकल्याने ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं आणखी मागे पडतं असं आतापर्यंतच्या अभ्यासांतून दिसलेलं नाही. ज्या भाषेत तुम्हाला न अडखळता बोलता येतं, चिडवता येतं, गोंजारता येतं तीच भाषा वापरा. बाबूचा पहिला मागण्यासाठीचा शब्द साडेतीन-पावणेचार वर्षांच्या आसपास आला, आणि तो वॉटर नव्हता, पाणी पण नव्हता. सासूबाई विहिरीवर कळशी भरत होत्या आणि हा बाजूला उभा राहून म्हणाला, उदक. त्यांनी कळशी तशीच खाली ठेवली आणि त्याला पाणी दिलं आणि मग मला ओरडून बोलावलं.

आता मदत म्हणजे काय केलं ते. मला वाटायचं आठवड्यातून दोनदा थेरपीला नेलं की झालं, तिथे ते शिकवतील. पण दोन तास तिथे आणि बाकीचे सगळे घरी, मग खरं काम कुठे होणार? याच्यावर गोव्यातच एक महत्त्वाचं काम झालंय आणि आपल्या लोकांना ते माहीतच नाही. पर्वरीच्या संगत या संस्थेने इथे गोव्यात आणि पाकिस्तानात रावळपिंडीत मिळून २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांबरोबर एक अभ्यास केला, २०१६ साली तो लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात थेरपी देणारे मोठे तज्ज्ञ नव्हते, ट्रेनिंग दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते, १२ सेशन, आणि शिकवायचं होतं ते मुलाला नव्हे, आईबापाला. आई मुलाबरोबर खेळते त्याचा व्हिडिओ काढायचा आणि नंतर तिच्याबरोबर बसून बघायचा, कुठे मुलाने बघितलं होतं, कुठे तुझं लक्ष निसटलं. ज्यांना हे मिळालं त्या मुलांचं स्वतःहून संवाद सुरू करणं वाढलेलं दिसलं.

आमच्या थेरपिस्टने आमच्याकडून असंच करून घेतलं. माझा पहिला व्हिडिओ बघताना मला रडू आलं. सात मिनिटांत मी त्याला किती प्रश्न विचारले होते, हे काय, रंग कोणता, गाडी कुठे, बोल ना, बोल बाबू. आणि त्याच सात मिनिटांत दोनदा त्याने माझ्याकडे बघितलं होतं आणि मला ते दिसलंच नव्हतं कारण मी पुढचा प्रश्न शोधत होते. मग शिकले. जमिनीवर त्याच्या समोर बसायचं, तो जे करतोय त्यातच शिरायचं. तो चाक फिरवतोय तर आपण पण चाक फिरवायचं. प्रश्न नाही, फक्त एक-दोन शब्द, चाक, चाक फिरलं. आणि मग गप्प बसून मनात दहापर्यंत मोजायचं. ते दहा आकडे फार कठीण जातात, आपल्याला शांतता सहनच होत नाही. पण त्याला तेवढा वेळ लागतो, आठव्या-नवव्या आकड्याला तो वर बघायचा.

तो एखादं वाक्य जसंच्या तसं परत म्हणतो, त्याला पण आधी आम्ही थांबवायचो. ते थांबवायचं नसतं. आमचा बाबू बाहेर जायचं असलं की फेरीबोटीवर ऐकलेलं 'गाडी बंद करा' हे म्हणायचा, कारण दिवाडीला जाताना आम्ही फेरीत चढायचो आणि फेरी त्याला जीव की प्राण, ती लोखंडी फळी वर-खाली होताना तो तासन्‌तास बघेल. म्हणजे 'गाडी बंद करा' याचा अर्थ मला बाहेर ने. एकदा हे समजलं की निम्मी रडारड गेली.

रडारडीवरून आठवलं, शिगम्याच्या मिरवणुकीत एकदा ढोल-ताशे आणि चित्ररथाचे स्पीकर एकदम सुरू झाले आणि बाबू रस्त्यावर आडवा पडून ओरडायला लागला, कानावर हात, चप्पल कुठेतरी, आणि मागून एक बाई म्हणाली लाडावून ठेवलंय. ते वाक्य मला कितीतरी दिवस टोचत होतं. हट्ट करणारं मूल मधून मधून आपल्याकडे बघून घेतं आणि हवं ते मिळालं की थांबतं. हे तसं नसतं, आवाजाचा लोंढा त्याच्या आवाक्याबाहेर गेलेला असतो आणि आता त्याला खाऊ दिला काय आणि धपाटा दिला काय, काही फरक पडत नाही, फक्त तिथून शांत जागी न्यायचं आणि जवळ बसायचं. आता आम्ही आवाज कमी करणारे हेडफोन नेतो, आधी दोन दिवस मागच्या वर्षीचा व्हिडिओ दाखवतो, सुरुवातीला लांब उभे राहतो. दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्री मात्र बाहेर काढत नाही, खिडक्या बंद करून पंखा लावतो. पंखा फिरताना बघून त्याला बरं वाटतं, तर वाटू दे.

शाळेचं थोडक्यात लिहिते कारण त्यावर वेगळं लिहावं लागेल. एका नर्सरीने सांगितलं आमच्याकडे जमणार नाही. आता तो गावातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत जातो, वर्गात मुलं थोडी आहेत, आणि बाईंनी दिवसभरात काय काय होणार त्याची चित्रं ओळीने भिंतीला लावलीत, प्रार्थना, गणित, जेवण, खेळ, घर. एक झालं की तो स्वतः ते चित्र काढून डब्यात टाकतो. बाई म्हणतात बाकीची मुलं पण त्याच्यामुळे शांत झालीत. सर्टिफिकेटचं काम पण करून ठेवा, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ज्या २१ प्रकारांची यादी आहे त्यात ऑटिझम आहे, त्यासाठी इसा नावाची ४० मुद्द्यांची आपल्याच देशात बनवलेली तपासणी करतात, मग यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आणि नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेचा निरामय विमा, वर्षाला १ लाखापर्यंत, ज्यात थेरपीचा खर्च पण बसतो.

एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही किंवा एका जागी स्थिर राहवत नाही ते, त्या यादीत वेगळं नाही, आणि आमच्या घरातल्या दुसऱ्या मुलाची गोष्ट तीच. जाऊबाईंची मुलगी, नऊ वर्षांची. तिच्याबद्दल तर कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं कारण ती धावत नाही, ओरडत नाही, एकदम गुणी. फक्त एका जूनमध्ये तिने तीन रेनकोट हरवले. वही उघडून बसते आणि तास झाला तरी तारीखच लिहिलेली असते. बाई लिहितात, लक्ष देत नाही, हुशार आहे पण आळशी. आळशी हा शब्द तिने स्वतःबद्दल म्हणायला सुरुवात केली तेव्हा मी जाऊबाईंना म्हटलं, वहिनी, बाबूच्या सायकॉलॉजिस्टला एकदा दाखवूया. एडीएचडी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर भिंतीवर चढणारा मुलगा येतो, पण फक्त लक्ष टिकत नाही असाही प्रकार असतो आणि मुलींत तो बऱ्याचदा असाच राहून जातो. दोन वर्षांचं मूल उड्या मारतं म्हणून एडीएचडी म्हणायचं नसतं, सहा महिन्यांहून जास्त, घरी पण आणि शाळेत पण, बारा वर्षांच्या आत सुरू झालेलं, आणि रोजचं जगणं अडतंय, हे सगळं बघतात. आधी डोळे, कान, झोप तपासतात. आणि ऑटिझम, एडीएचडी दोन्ही एकाच मुलात असू शकतं, २०१३ च्या आधी अमेरिकन नियमांत दोन्ही निदानं एकत्र देताच यायची नाहीत, म्हणून जुने लोक अजून एक नाहीतर दुसरं असं म्हणतात.

तिच्यासाठी सध्या एका वेळी एकच काम सांगतो. 'आवर लवकर' नाही, 'मोजे घाल', घातले की लगेच शाबास, मग पुढचं. पंधरा मिनिटं अभ्यास आणि मग अंगणात फेरी. गोळीचं अजून ठरलं नाही, सहा वर्षांच्या आतल्या मुलांत आधी आईबापाचं ट्रेनिंगच करतात पण तिच्या वयाला औषध खूप उपयोगी पडू शकतं, जाऊबाईंना भीती वाटते आणि मी त्यांना घाई करत नाही, फक्त अपॉइंटमेंटला बरोबर जाते.

आणि बोटाचं सांगायचं राहिलंच. बाबू चार वर्षांचा होता, गणेशचवथीचा दुसरा दिवस. गणपतीच्या वर फळंपानं टांगतात त्या माटोळीखाली तो आडवा पडून वर बघत होता, नारळ, सुपारीचे घड, चिबूड, केळी सगळं टांगलेलं, आणि मी बाजूला पानं पुसत होते. त्याने हात वर केला. मला वाटलं चिबूड हवाय. पण तो बोट तसंच वर धरून मान वळवून माझ्याकडे बघत होता, परत वर, परत माझ्याकडे. चिबडावर एक हिरवा टोळ बसला होता. त्याला टोळ नको होता. त्याला फक्त मला दाखवायचा होता. मी त्याच्या शेजारी जमिनीवर आडवी झाले, आणि आम्ही दोघं टोळ उडून जाईपर्यंत बघत होतो, जेवणाची पंगत थांबली पण मला कुणी उठवलं नाही.

डिचोलीच्या मैत्रिणीचा काल मेसेज आला, कानाच्या टेस्टची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळालीय. मी लिहिलं, तारखेची वाट बघत बसू नका, नणंदेला सांग की उद्यापासून आंघोळीच्या वेळी मोबाईल बाहेर ठेवायचा, समोर बसायचं, तांब्याने पाणी ओतायचं, 'पाणी' म्हणायचं आणि दहा मोजायचे, आणि एक दिवस व्हिडिओ काढून मला पाठव. आत्ता संध्याकाळी व्हिडिओ आलाय. बाबू झोपला की शांतपणे बघणार आहे.